अंजूचं एक साल

१६ जून २०२५, सोमवार

रीनानं ही वही दिली. रीना म्हणजे माझी सून. म्हणे, आई, रोज एक पान लिहायचं. मी म्हटलं, काय लिहू, देवाले अर्ज? म्हणे, काहीही लिहा, पण अंजूसमोर बसून लिहा. पोरगी पाहून शिकते. घरात कोणी लिहिताना दिसलंच नाही तं तिले वाटन का लिहिणं म्हणजे शाळेतली शिक्षा.

म्हणजे चौसष्टाव्या वर्षी मी धडा झाली. नातीनं मले पाहायचं अन् शिकायचं.

मी तिसरी पास आहे. चौथीत होती तं भाऊ झाला, अन् बापानं म्हटलं, बस झाली शाळा, याले सांभाळ. हे मी सगळ्यांले सांगितलं आहे. आमचे मालक, महागूजी, जिवंत होते तेव्हा मी 'मले चौथीतून काढलं' म्हटलं का पुढचं वाक्य ते स्वतःच म्हणून टाकत. आता वहीलेही सांगून झालं.

आज गावातली शाळा उघडली. गल्लीतले पोट्टे दप्तरं घेऊन गेले. आमची अंजू ओट्यावर बसून आंब्याची कोय चोखत होती. मागच्या साली ती गाडीत बसून कटंगीच्या एका इंग्रजी शाळेत जायची. घरी तोंडाची टकळी थांबत नाही, अन् शाळेत म्हणे एक शब्द नाही. पूर्ण साल. मॅडमनं कार्डावर लिहून धाडलं, मुलगी मुकी तर नाही, डॉक्टरले दाखवा. मार्चात रीनानं नाव काढलं अन् सांगून टाकलं, एक साल मी घरीच शिकवीन. बोलती झाली का मंग शाळा.

माझा लेक वीरेंद्र तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत जातो. काळा होऊन घरी येतो. आंघोळ होईपर्यंत त्याचं कोणतंच मत नसते, अन् आंघोळ झाल्यावर बायकोचं तेच त्याचं.

माझं मत कोणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते. पोरीले शाळेतून काढू नये. काढलेल्या पोरीचं काय होते ते मी रोज आरशात पाहते.

१९ जून

रीनाची शाळा पाहिली. मोहाच्या बिया, आम्ही टोरी म्हणतो, त्या पोतं भरून पडल्या आहेत. अंजूनं त्याचे दहा-दहाचे ढीग केले. मंग दहा ढिगांचा एक मोठा ढीग. मंग बिल्ली आली अन् शंभराचे कितीतरी झाले. मंग सुपात तांदूळ घेऊन खडे निवडले. मी म्हटलं, हे तं मी जन्मभर करून राह्यली, मले कोणी मास्तरीण म्हटलं नाही. रीना म्हणे, म्हणूनच तुमच्या बाजूले बसवते.

शिकलेल्या सुनेले उत्तर देता येत नाही. ती तुमची बाजू घेऊनच तुमच्यावर मात करते.

तिनं मले एक ताकीदही दिली. शाळेत काय झालं ते अंजूले विचारायचं नाही. जे मनात आहे ते ती स्वतः सांगन, तिच्या टाइमाले. मी म्हटलं, कोंबडी आहे काय, अंड्यावर बसली म्हणून आपण वाट पाहत राहायचं? रीना हसली. म्हणे, हौ, तसंच.

आता अंजू बाजूले बसली आहे. विचारते, आजी, काय लिहून राह्यली? मी म्हटलं, तुझी तक्रार. तिनं पाटी ओढली अन् उभ्या-आडव्या रेघा मारल्या. म्हणे, मी पण तुझी लिहून राह्यली.

२४ जून

घनश्याम सर आले. हे जनशिक्षक आहेत, म्हणजे आसपासच्या गावांच्या शाळा पाहणारे सरकारी मास्तर. खैरलांजीकडचे, आपली मराठी बोली समजतात, पण इकडं सरकारी काम हिंदीत, म्हणून फटफटीवरून उतरले का आधी हिंदीच बोलतात, मंग बोलीवर येतात. हातात यादी होती. शाळेबाहेरच्या लेकरांची. त्यात आमची अंजू. वय सहा पूर्ण, शाळेत नाव नाही.

रीना म्हणे, सर, पाच पूर्ण आहे. येत्या भाऊबीजेले सहा होईन. सर म्हणे, सरकारच्या समग्र आयडीत, घरच्या माणसांच्या नोंदीत, तं २०१८चा जन्म आहे, येत्या दिवाळीत सात होते. रीना म्हणे, ते चुकलं आहे, २०१९ पाहिजे. सर म्हणे, कागद दाखवा.

मंग त्यांनी कायदा सांगितला. सहा ते चौदा, शाळेत नाव पाहिजेच, अन् ते घालणं माय-बापाचं काम. घरी शिकवतो म्हटलं तरी चालत नाही. सहाच्या खाली असली तं तुमची मर्जी, आंगनवाडीत धाडा का घरी ठेवा, मी यादीतून नाव कापतो.

"मंग माझी मर्जी ऐका ना सर," रीना म्हणाली. "सहाच्या खाली आहे तोवर पोरगी कशी वाढवायची ते माय ठरवन. हे तुमचाच कायदा म्हणते."

"बाई, घरी शिकवतो म्हणणारे मले शंभर भेटतात," सर म्हणाले. "त्यातल्या नव्व्याण्णव पोरी घरी भांडे घासतात. मी कोणाचं खरं मानू?"

तेव्हा अंजू नेमकी मोरीवर बसून राखेनं भाताचा गंज घासत होती. तिले आवडते ते. पण पाहणाऱ्यानं काय समजावं? मले मास्तर खरा वाटला. त्यानं हाक मारली, "बेटा, नाम क्या है तेरा?" अंजूनं त्याच्याकडं बकऱ्याच्या गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं पाहिलं अन् माझ्या लुगड्यामागं आली. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चार ऑगस्टले कटंगीच्या ऑफिसात या, पाच वर्षांची आहे त्याचा कागद आणा. नाही आणला तं गावच्या शाळेत पहिलीत नाव, अन् दुसऱ्या दिवसापासून हजेरी.

ते गेले. रीना चुलीसमोर बसून राह्यली, चूल न पेटवता.

आता जे लिहिते ते कोणाले सांगितलं नाही. हे २०१८ कुठून आलं ते मले माहीत आहे.

तीन साल झाले. रोवण्याचे दिवस होते. रीना बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेसाठी माहेरी तुमसरले गेलती. अंजू माझ्याजवळ. धान रोवाले बाया भेटत नव्हत्या, मले बांधीत उतरणं भाग होतं, अन् पोरीले चिखलात कुठं ठेवू? आंगनवाडीत लीलाबाई. ती म्हणे, तीन वर्षं झाल्याशिवाय बसवता येत नाही. अंजूले तीन-चार महिने कमी होते. आता महिना हलवता येत नव्हता, कारण ही भाऊबीजेची पोर, अख्ख्या गल्लीले माहीत. मंग मी साल हलवलं. म्हटलं, त्या भाऊबीजेची नाही, त्याच्या मागच्या भाऊबीजेची. लीलाबाईनं माझ्याकडं पाहिलं, हसली, अन् लिहिलं. त्या रजिस्टरवरून पुढचे सगळे कागद झाले.

रीनाले वाटते कोणा ऑफिसवाल्याची चूक. इथं कोणाची तारीख बरोबर असते? माझी तं एक जुलै आहे. अर्ध्या गावाची एक जुलै आहे. गुरुजीनं एकाच दिवशी आमच्या सगळ्यांच्या मायांले बाळंत केलं.

सांगू का रीनाले? नाही सांगत. खोटं असलं तरी पोरीले शाळेत धाडाच्या कामी येऊन राह्यलं.

२ जुलै

रीना काल तुमसरले जाऊन आली. अंजूचा जन्म तिकडच्या दवाखान्यातला, पहिलं बाळंतपण माहेरीच असते. जन्माचा दाखला तेव्हा कोणी काढलाच नाही. तिथल्या ऑफिसात म्हणाले, दवाखान्याची चिठ्ठी आणा, तिच्यावरच्या नंबरानं लवकर भेटते, नाही तं अर्ज द्या अन् वाट पाहा.

घरी आल्यावर रीना म्हणे, आई, बारशाच्या दिवशी माझ्या आईनं ती चिठ्ठी तुमच्या हातात दिलती. मी म्हटलं, आठवत नाही. साडेपाच साल झाले.

ती माझ्या पेटीत आहे. लग्नाच्या लुगड्याच्या घडीत.

रीनानं पूर्ण घर उपसलं. पिठाचा डबा, गादीखाली, देवाच्या फोटोमागं, वीरेंद्रची जुनी खाणीतली टोपीसुद्धा उलटी केली. माझ्या पेटीले हात लावला नाही. सासूच्या पेटीले सून हात लावत नाही. हा आमच्या घरचा कायदा आहे अन् तो कोणत्या ऑफिसात लिहिलेला नाही.

ती शोधत होती तेव्हा मी तांदूळ निवडत बसली. एकही खडा नव्हता.

६ जुलै

बांधीवर जाताना वही खाटेवरच राहून गेलती. वापस आली तं उशीखाली होती, पेन आत, बरोबर शेवटच्या पानावर. अंजूनं ठेवली असन. आजकाल तिले सामान जागच्या जागी ठेवाचा नाद लागला आहे.

आज रीनानं न सांगता माझ्या डोक्याले तेल लावलं.  मी विचारलं, भेटली का चिठ्ठी? म्हणे, भेटन आई. घाई नाही.

घाई काहून नाही? चार ऑगस्ट काय दिवाळीनंतर येते?

९ जुलै

रीनानं शोधणं बंद केलं. डबे जागेवर ठेवून दिले. वीरेंद्र म्हणे, मी जाऊ का तुमसरले? ती म्हणे, राहू द्या. शिकल्या-सवरल्या बाईनं असं हातपाय गाळावं? मले राग आला. कोणाचा ते समजत नाही.

१४ जुलै

रोवणा सुरू आहे. अंजू बांधावर. धानाच्या रोपांच्या पेंढ्या मोजाचं काम तिले दिलं. कोणत्या बांधीले किती पेंढ्या लागल्या ते ती काडीनं चिखलावर रेघा मारून ठेवते, पाचव्या रेघेले आडवी मारते. शेवंताबाईनं दोन पेंढ्या न सांगता उचलल्या तं पोरगी तिच्यावर अशी ओरडली का सगळ्या बाया हसल्या. रोवण्याचं गाणं म्हणत होत्या, तेही तिनं उचललं. मुकी म्हणे. त्या मॅडमले इथं बांधावर आणून बसवाले पाहिजे होतं.

दुपारी भाकर खाल्ली. अंजूले तहान लागली तं तिनं माझा पदर ओढला अन् गडव्याकडं बोट केलं. मी म्हटलं, तोंड नाही काय? पाणी पाहिजे तं पाणी म्हण.

ती म्हणाली, "पाणी म्हटलं तं उभं करते."

"कोण?"

"मॅडम. पूर्ण इंग्लिशमध्ये म्हणायचं. नाही आलं तं उभं राहायचं. मंग मले सू लागली. ते पण इंग्लिशमध्ये. ते मले येत नव्हतं."

"मंग?"

"मंग फ्राक ओलं झालं. सगळे हसले. मी म्हटलं आता काहीच नाही म्हणायचं."

हे सांगताना ती एका बेंडकाले ढेकळं मारून राह्यली होती. लागलं एकही नाही. सांगून झालं अन् ती बेंडकाच्या मागं गेली.

 पाणी दिलं. आज माझी रोवण्याची ओळ वाकडी झाली, शेवंताबाई म्हणे, गोदाबाई, डोळे तपासून घे.

१५ जुलै

अंजूनं सांगितलं ते रीनाले सांगितलं. तिनं ऐकलं अन् परसात गेली, बराच वेळ आली नाही. मी भाजी पाहिली.

एक गोष्ट वहीत खोटी लिहिली आहे, पहिल्याच पानावर. खोडत नाही, खोडलेलं वाईट दिसते. इथं खरी लिहिते.

चौथीत आम्हाले नवे गुरुजी आले होते, जबलपूरकडचे. त्यांनी मले उभं केलं अन् विचारलं, घर में कौन-कौन है. मी म्हटलं, माय हाये, बाप हाये, दोन म्हशी हायेत. पूर्ण वर्ग हसला. गुरुजी पण हसले. वाईट माणूस नव्हता, त्याले मजा वाटली. त्यानं पुन्हा म्हणाले लावलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गुरुजीले बोलावून पुन्हा म्हणाले लावलं. मले तीन दिवस पोट दुखलं.

मंग भाऊ झाला. बाप मले म्हणाला, गोदे, तू शाळेत जा, तुझी माय पाहून घेईन. मी म्हटलं, नाही, मी सांभाळते.

पंचावन्न साल मी हे बापाच्या नावावर घातलं. तो मरून वीस साल झाले, तो काही बोलाले येत नाही. जिवंत असता तरी बोलला नसता.

आज इतकंच. अंजूनं विचारलं, आज तक्रार लंबी काहून आहे? मी म्हटलं, आज माझी स्वतःची आहे.

२७ जुलै

लीलाबाईकडं गेली. म्हटलं, ते साल आठवते का? तिचं तोंड उतरलं. म्हणे, गोदाबाई, माझे सहा महिने राह्यले रिटायरले. कागद न पाहता लिहिलं हे वर गेलं तं मले बोलावतील, या वयात जबाब देत फिरू काय? तिनं मले चिवडा दिला, स्वतः खाल्ला नाही. ती चांगली बाई आहे. त्या रोवण्यात अंजू तिच्या मांडीवरच झोपायची.

मी म्हटलं, तुझं नाव येणार नाही. कसं येणार नाही ते मले माहीत नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी अंजू झोपल्यावर पेटी उघडली. लुगड्याले डांबरगोळ्यांचा वास. चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण सगळं दिसते. रीनाचं नाव, मुलगी, तारीख, २०१९. वजन दोन किलो चारशे. किती छोटी होती. मी हातात घेतली तेव्हा म्हटलं होतं, हे तं कणीस आहे.

रीना पोळ्या लाटत होती. तिच्या पोळपाटाजवळ चिठ्ठी ठेवली. तिनं पाहिली. हात पुसले, चिठ्ठी उचलली, कपाळाले लावली.

कुठं होती ते विचारलंच नाही. म्हणाली, "आई, चहा ठेवू का?"

मी उत्तर तयार करून गेलती. तीन उत्तरं तयार होती. आता ती वाया गेली.

४ ऑगस्ट

बसनं कटंगीले गेलो, मी, रीना अन् अंजू. वीरेंद्रले सुट्टी भेटली नाही. ऑफिसात घनश्याम सर होते अन् टेबलामागं एक साहेब. साहेबानं चिठ्ठी पाहिली, मंग कॉम्प्युटर पाहिला. म्हणे, इथं एक साल, तिथं दुसरं. दोन कागद, एक पोरगी. आंगनवाडीत तारीख कोणी सांगितली?

 मले वाटलं रीना माझ्याकडं पाहीन, पण ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राह्यली.

मी म्हटलं, "म्या सांगितली. खोटी."

साहेब म्हणे, मंग बयान द्यावं लागन. क्लार्कनं मले पाहिलं अन् शाईचा डबा सरकवला, अंगठ्यासाठी. मी डबा वापस सरकवला अन् पेन मागितला. तो हिंदीत लिहाले लागला होता, म्हटलं, राहू दे बाबू, मी लिहिते. मराठीत लिहिलं. जसं लिहिलं तसं इथं उतरवते, नाही तं विसरीन.

'मी गोदाबाई, महागूची बायको. माझी नात अंजू २०१९च्या भाऊबीजेची आहे. रोवण्याचे दिवस होते, घरी कोणी नव्हतं, पोरीले चिखलात ठेवता येत नव्हतं, म्हणून मी तिले एक साल मोठी सांगितली. लीलाबाईनं विचारलं तेव्हा मी देवाची शपथ घेतली, म्हणून तिनं लिहिलं. तिची चूक नाही. चिठ्ठी माझ्या पेटीत होती, मी सुनेपासून लपवली. मले वाटलं पोरगी शाळेत गेली पाहिजे. अजूनही वाटते. पण तिचं जे साल मी खाल्लं ते तिले वापस द्या.'

शपथ मी घेतली नव्हती. एक खोटं पुसाले गेली अन् दुसरं लिहून आली. ते माझ्या डोक्यावर. लीलाबाईचे सहा महिने सुखानं जाऊ दे.

साहेबाले मराठी वाचता येत होतं, हळू हळू. दोनदा वाचलं. मंग अंजूले विचारलं, बेटा, तुझं नाव काय? अंजूनं टेबलाखाली माझं बोट धरलं, नाव सांगितलं नाही. साहेबानं रीनाले विचारलं, ही घरी शिकते हे मी कशावरून मानू? रीनानं पिशवीतून अंजूची वही काढली. त्यात ढीग, पेंढ्या, रेघा, पाचव्या रेघेले आडवी. एका पानावर एक बाई काढली आहे, डोकं भोपळ्यासारखं, मांडीवर वही. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, आजी लिहिते.

मी इतकी जाडी नाही.

घनश्याम सर म्हणाले, साहेब, मी महिन्यातून एकदा पाहून येत जाईन. मले वाटलं हा माणूस आमच्या विरुद्ध बोलन. साहेबानं लिहिलं, साल दुरुस्त करा, सहा होईपर्यंत मायची मर्जी. नवीन सालची शाळा भरन तेव्हा गावच्या शाळेत पहिलीत नाव. रीना म्हणे, मंजूर.

मी म्हटलं, "माझी एक शर्त आहे साहेब. पहिले पंधरा दिवस मी शाळेच्या ओट्यावर बसीन. पोरीले पाणी मागता आलं पाहिजे. कोणत्याही बोलीत."

साहेब हसले. म्हणे, बसा बाई, तुम्हीही शाळेत नाव घालून टाका. मी म्हटलं, माझी चौथी बाकी आहे, पाहू.

बसमध्ये अंजू खिडकीत बसली अन् गाव येईपर्यंत थांबली नाही. ती म्हैस कोणाची, तो बांध कोणाचा, साहेबाच्या कानात केस काहून होते. रीनानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् झोपली. खांदा बधिर झाला. हलवला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बरेच दिवस लिहिलं नाही. धान कापणं चालू होतं, अन् अंजू आता स्वतःच लिहिते, मले धडा व्हायची गरज नाही. पण आज लिहिते.

आज अंजू सहाची झाली. खरी सहाची. रीनाचा भाऊ तुमसरवरून आला, रीनानं ओवाळलं. आम्ही पुऱ्या करत होतो, ती आत लाटत होती, मी ओट्यावर बसून कणीक मळून देत होती. अंजू दारात रांगोळी काढत होती, दहा-दहा ठिपके.

घनश्याम सर आले. बहिणीकडं चालले होते पुढच्या गावी, नवा सदरा, फटफटीले मिठाईचा डबा बांधलेला. म्हणे, रस्त्यातच पडत होतं, कागद देऊन जातो. अंजूचं साल दुरुस्त होऊन आलं, २०१९. मी डोळ्याजवळ धरून पाहिलं. बरोबर आहे. ते दर महिन्याले आले, दर वेळी अंजू लुगड्यामागं. ते तिले काही विचारत नाहीत, तिच्या रेघा पाहतात अन् जातात. रीनानं त्यांलेही ताकीद दिली असन.

खाटेवर बसले अन् म्हणाले, पाणी भेटन का? कोणाले म्हटलं नाही, असंच म्हटलं.

अंजू उठली. रांगोळीचे हात फ्राकाले पुसले, आत गेली, पेला भरून आणला. अशी सांभाळून चालत होती का जीभ बाहेर. त्यांच्यासमोर उभी राह्यली.

"सर, पाणी घ्या," ती म्हणाली.

सरांनी पेला घेतला. शहाणा माणूस, शाबास म्हटलं नाही. प्याले लागला. पेला काठोकाठ भरलेला, अर्धं पाणी त्याच्या नव्या सदऱ्यावर सांडलं. अंजू परत रांगोळीकडं गेली.

आत लाटणं थांबलं होतं.

मी आवाज दिला, रीना, पुरी जळून राह्यली. पुरी जळत नव्हती.